तीस किलोंची ओढ

गुरुवारी संध्याकाळी आखातातल्या मंगफच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर ताटं नव्हती. त्यांच्या जागी एक जॅकेट, एक हेल्मेट, हातमोजे, गुडघ्यांची पॅडं आणि एक एअरबॅगवाली बंडी मांडून ठेवलेली होती, आणि प्रताप हातात क्लिपबोर्ड घेऊन त्यांच्याभोवती फिरत होता.

"हेल्मेट?"

"आहे."

"हातमोजे?"

"समोर दिसताहेत ना तुम्हाला."

"दिसणं वेगळं आणि तपासणं वेगळं," असं म्हणून प्रतापने कागदावर बरोबरची खूण केली.

तेल कंपनीत सव्वीस वर्षं सेफ्टी ऑफिसर म्हणून काढलेल्या माणसाशी संसार करायचा तर हे चालायचंच, हे पद्मजाला ठाऊक होतं. ती स्वतः शुऐबा भागातल्या एका कारखान्यात केमिस्ट. तिथेही चष्मा आणि मोजे घातल्याशिवाय कोणी बाटलीचं बूच काढत नसे. पण प्रतापने घरी बायकोसाठी, धोक्याच्या कामाआधी लिहितात तसं, चक्क वर्क परमिट लिहिलं होतं. 'कामाचं स्वरूप: मोटारसायकल चालवणे. संभाव्य धोका: पडणे. उपाय: न पडणे.' खाली सहीची जागा अजून कोरी होती.

जूनमध्ये दोघं कायमची नाशिकला परतणार होती. वरच्या मजल्यावरच्या हफिजाचा बायकांचा एक ग्रुप होता. दर शुक्रवारी सकाळी आठ जणी समुद्राच्या रस्त्याने मोटारसायकली घेऊन जायच्या. उद्याची फेरी मोसमातली शेवटची, त्यानंतर उन्हाने डांबर वितळायला लागलं असतं. पद्मजाने हिवाळ्यात लायसन्स काढलं होतं, हफिजाने ओळखीतून तिच्यासाठी बाइक मिळवली होती. उद्या नाही, तर कधीच नाही. सहीवाचूनही जाता आलं असतं म्हणा, पण मागे घरात कोणी येरझाऱ्या घालतंय हे ओझं घेऊन गाडी चालवण्यात तिला गंमत वाटत नव्हती.

तिने हेल्मेट उचलून पुन्हा एकदा पाहिलं. मागच्या बाजूला वेणीसाठी खाच ठेवलेली होती. जॅकेटचे खांद्याचे पॅड खांद्यावरच बसत होते, दंडावर उतरत नव्हते. गुडघ्याचं पॅड चक्क गुडघ्यावर येत होतं. कुठेतरी कोणीतरी बसून बाईच्या मापाचा विचार केला होता, याचंच तिला दोन दिवस नवल वाटत होतं.

कॉलेजात असताना ती वडिलांची राजदूत चालवायची. हेल्मेट वडिलांचं, आत पंचा कोंबलेला. स्वेटर वडिलांचा, बाह्या दोनदा दुमडलेल्या. थंडी वाजू नये म्हणून छातीशी घडी घातलेला पेपर. जानेवारीत गोदावरीच्या पुलावर वारा असा घुसायचा की आतला पेपरही फडफडायचा. एकदा प्रॅक्टिकलला उभी राहिली, तर मैत्रीण स्वप्ना तिच्याकडे बघून हसतच सुटली. पद्मजाच्या पांढऱ्या कुडत्यावर पाटबंधारे खात्याची निविदा सूचना उलटी छापली गेली होती.

प्रतापची गाठही त्या राजदूतवरच पडलेली. वडिलांच्या कारखान्यातला नवा ट्रेनी, मुंबईच्या इंटरव्ह्यूला निघालेला, बस चुकलेली. वडिलांची कंबर धरलेली, म्हणून ते पद्मजाला म्हणाले, "सोडून ये गं याला स्टेशनवर." सातपूर ते नाशिकरोड प्रताप मागचा कॅरियर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला. स्टेशनवर उतरताच घाईने दोन पावलं लांब झाला. हात जोडून म्हणाला, "उपकार झाले, ताई."

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. ते वाक्य घरात उच्चारायला अजूनही बंदी होती.

"आता एकच मुद्दा राहिला," प्रताप म्हणाला. "बंडी."

बंडीची रचना साधी होती. तिच्यातून निघालेली एक दोरी बाइकला अडकवायची. चालवणारा उडून पडला की दोरीला हिसका बसतो, आतलं गॅसचं नळकांडं फुटतं आणि क्षणात मान, छाती, पाठ सगळं हवेने भरून जातं. किती ओढ बसली की हे होतं, तेही माहितीपत्रकात लिहिलं होतं: तीस किलो.

"तीस म्हणतात, पण दहालाच फुटलं तर? साध्या खड्ड्यात फुटलं तर?" प्रतापने बेडरूममधून बॅगा तोलायचा काटा आणला. विमानाला तीस किलो न्यायची परवानगी असलेल्या घरात तो असतोच.

"अहो, ही चाचणी करता येत नाही," पद्मजा म्हणाली. "काडेपेटीतली काडी पेटते का, ते पेटवून बघायचं का? मग लावायला उरणार काय?"

"पंधराला थांबायचं. पंधराला फुटलं नाही म्हणजे सही."

सही म्हटल्यावर पद्मजाने बंडी चढवली. काट्याचा एक हूक स्वयंपाकघराच्या दाराच्या मुठीत, दुसऱ्यात तिची दोरी. ती हळूहळू पुढे झुकली. प्रताप काट्यावर डोळे लावून मोजू लागला. "आठ... अकरा... चौदा... बस, बस, पंधरा! तशीच थांब."

नेमकी तेव्हाच बेल वाजली, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने पद्मजा दार उघडायला निघाली.

धाड!

बाहेरून हफिजाचा आवाज आला, "पद्मजाभाभी! काय झाला ओ? कुकर फुटला?"

प्रतापने दार उघडलं. हफिजा बाइकची किल्ली घेऊन आली होती. समोर पद्मजा दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभी, कॉलर कानापर्यंत फुगलेली, मान वळत नव्हती. हफिजा दाराच्या चौकटीला धरून खालीच बसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

"आकडा बघा," कॉलरमधून आवाज आला.

प्रतापने काटा पाहिला. "तीस पॉइंट दोन."

"माहितीपत्रक बरोबर आहे," पद्मजा शांतपणे म्हणाली. "आणि उद्याचं नळकांडं संपलं."

प्रतापचा चेहरा पडला. दुकान शनिवारी उघडणार होतं. नळकांडं नाही म्हणजे बंडी नाही, बंडी नाही म्हणजे सही नाही; हा नियम त्याचाच. तो क्लिपबोर्डकडे बघत राहिला.

"तोंड कशाला पाडताव, प्रतापभाई?" हफिजा उठत म्हणाली. "माझ्याकडं एक जास्तीचा हाय, तो देते. पण तो काटा अगोदर कपाटात ठेवा!"

प्रतापने सही केली, पण वर एक ओळ वाढवली: 'पतीची गाडी मागे राहील.'

आणि ती राहिली. शुक्रवारी सकाळी समुद्राच्या रस्त्यावर नऊ मोटारसायकली निघाल्या आणि त्यांच्यामागे चारही इंडिकेटर लुकलुकवत प्रतापची जुनी कार. पद्मजाने वेग साठच्या वर नेला की मागून हॉर्न. वारा तोच होता, गोदावरीच्या पुलावरचा नाही म्हटलं तरी ओळखीचा. पण त्याच्याकडे लक्ष द्यावं, तर आरशात इंडिकेटर.

"भाभी, आपल्यामागं अँब्युलन्स हाय की वरात?" सिग्नलला हफिजाने विचारलं.

समुद्राकाठी दाट, वेलचीच्या करक चहाला सगळ्या थांबल्या. प्रताप रस्त्याच्या कडेला गाडीतच बसून राहिला, इंजिन बंद, इंडिकेटर चालू. पहारा म्हणजे पहारा. बायकांचा चहा पाऊण तास चालला. निघायची वेळ झाली, त्याने किल्ली फिरवली, तर गाडीतून नुसतं टक्‌ असं आलं. पुन्हा टक्‌. इंडिकेटरही विझले होते.

पद्मजा जवळ आली. "बॅटरी?"

"तीन वर्षं झाली होती तिला," प्रताप पुटपुटला.

पद्मजाच्या तपासणीचे एकोणीस मुद्दे होते. त्यात गाडीचा एकही नव्हता.

"मेकॅनिक आता जुम्म्याच्या नमाजानंतरच येईल," हफिजा म्हणाली. "बसवा मागं. माझ्याकडं जास्तीचा हेल्मेट हाय."

प्रतापने डिकीतून घाईघाईने कंपनीतली पिवळी कडक टोपी काढली. "ही चालेल की."

"क्रेनखाली उभा राहायचाय काय?" हफिजा म्हणाली.

पद्मजाने हात पुढे केला. "क्लिपबोर्ड द्या." तिने कागद उलटला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'कामाचं स्वरूप: मागे बसणे.' मग वर बघून म्हणाली, "हेल्मेट आहे. जॅकेट?"

"टी-शर्ट आहे."

तिने स्वतःची बंडी उतरवून त्याच्यापुढे धरली.

"अगं, मग तुझं काय?"

"माझ्या जॅकेटला पाठीला पॅड आहे. तुमच्या पाठीला काय आहे?"

बाईच्या मापाची ती बंडी प्रतापच्या पोटावर बसेना. हफिजाने श्वास घ्यायला लावला, सोडायला लावला, आणि मधल्या क्षणी चेन ओढली. पद्मजाने दोरी बाइकला अडकवली, ओढून पाहिली आणि सही केली.

परतीच्या वाटेवर हॉर्न नव्हता. साठ झाले, सत्तर झाले. उजव्या हाताला समुद्र पांढरा चमकत होता आणि जॅकेटच्या जाळीतून वारा नेमका तिथे लागत होता जिथे एकेकाळी पेपर असायचा. मागे प्रताप कॅरियर दोन्ही हातांनी धरून बसला होता, अगदी तसाच. मंगफचं वळण आलं तशी पद्मजाने इंडिकेटर लावला. तेवढ्यात तिच्या खांद्यावर दोन बोटं टकटकली.

"सरळ घे," मागून आवाज आला.

तिने इंडिकेटर बंद केला आणि सरळ घेतलं.

बिल्डिंगपाशी पोचायला त्यांना आणखी अर्धा तास लागला. हफिजा केव्हाच येऊन पायरीवर बसली होती. हारिस, म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार, अंगणात झाडू मारत होता. पद्मजाने बाइक थांबवून स्टँडवर घेतली आणि मागे वळून तोंड उघडलं, "थांबा हं, आधी ती दो..."

पण प्रताप उतरला होता. आणि पस्तीस वर्षांपूर्वी उतरला होता तसाच, जमीन दिसताच घाईने दोन पावलं लांबही गेला होता.

धाड!

हारिसच्या हातून झाडू पडला. प्रताप जागच्या जागी उभा राहिला, हात अंगापासून लांब, कॉलर कानापर्यंत. पायरीवरून हफिजा ओरडली, "काटा आणू काय, प्रतापभाई? किती किलो झाला?"

प्रतापला मान हलवता येईना, म्हणून तो आख्खाच पद्मजाकडे वळला. फुगलेल्या बंडीवरून मोठ्या कष्टाने त्याने दोन्ही हात एकमेकांजवळ आणले आणि जोडले.

"उपकार झाले, ताई," तो म्हणाला.