टाकीखालचं ध्यान

येसूबाईला ध्यान करायचं होतं आणि घरात ते कुणाला बघवत नव्हतं.

गुडघ्याच्या औषधासाठी ती महिनाभर बिरवाडीला मुलाच्या खोलीवर राहिली होती. तिथं शेजारच्या वैशालीताई, निवृत्त शिक्षिका, तिला संध्याकाळी बुद्धविहारात घेऊन गेल्या. "डोळे मिटून येणारा-जाणारा श्वास बघायचा," त्यांनी सांगितलं. "कुठं दुखलं तर दुखतंय एवढंच बघायचं. तेही टिकत नाही. सगळं अनित्य."

"म्हंजे माजा गुडगापन अनित्य?"

"गुडघाही आणि त्याचं दुखणंही."

हे येसूबाईला एकदम पटलं. पंचशील तर तिनं आठवड्यात पाठ केलं. त्यातलं खोटं न बोलण्याचं तेवढं तिला जड वाटलं, कारण सासरी छत्तीस वर्षं काढली होती.

आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या आपल्या वाडीत ती परतली आणि पहिल्याच सकाळी डोळे मिटून बसली. नवरा चांगू भडकला. "तिकडच्या लोकांचं काय शिकून आलीस गो? वाडी काय म्हनेल?"

"श्वास घ्यायला शिकले. तुमी घेता तो कुटल्या जातीचा हाय?"

चांगूनं टोपी डोक्यावर चढवली आणि तो तरातरा बाहेर पडला. पण वाडीत बोभाटा झालाच, की येसूनं देव सोडले. आणि चांगूनं दुसराच मार्ग धरला. तिनं डोळे मिटले की तो विचारायचा, "येसू, माजी टोपी कुटं हाय?" टोपी त्याच्या डोक्यावर असायची.

गुरुवारी येसूबाईनं ठरवलं. एक तास बसायचं, हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. त्यासाठी तिनं वाडीतली सगळ्यात निवांत जागा शोधली : पाण्याची नवी टाकी. दोन वर्षांपूर्वी बांधलेली, चार नळ असलेली. पंप पहिल्याच महिन्यात जळला होता. त्यामुळं तिकडं कुणी फिरकत नसे. बायका खालच्या झऱ्यावरूनच हंडे आणत.

येसूबाईनं परतताना झऱ्यावरून भरून न्यायचा रिकामा हंडा बाजूला ठेवला, टाकीखाली गोणपाट पसरलं आणि सून सारिकाला बजावलं, "तासानं येऊन खांद्याला हात लाव. त्याच्या आदी आभाळ कोसळलं तरी नाय."

पहिली पंधरा मिनिटं छान गेली. मग पायाला मुंगी चावली. चावतेय, चावतेय, असं येसूबाईनं बघितलं. तेवढ्यात शेजारची आवडी झऱ्याकडं निघाली होती, ती थबकली.

"येसू गो, काय करतंस हितं?"

येसूबाई श्वास बघत राहिली.

आवडीनं कोरडी टाकी बघितली, रिकामा हंडा बघितला, मिटलेले डोळे बघितले. तिच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. "आगो बायांनो, या! येसू पान्यासाठी उपोषनाला बसली!"

बायका धावल्या. मागून चांगू आला. "सकाळपासनं काय खाल्लंय का हिनं?" आवडीनं विचारलं.

"नाय. च्यापन नाय घेतला," चांगू खरं तेच म्हणाला. ध्यानाला रिकाम्या पोटी बसावं, हे त्याला कुठं माहीत होतं? घरात बसते ते ध्यान, टाकीखाली हंडा ठेवून बसली म्हणजे उपोषणच, असं त्यालाही वाटलं.

आवडीनं मोबाईलवर व्हिडिओ काढून मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाला पाठवला. मंडळातल्या कुणीतरी त्याखाली 'आमरण उपोषण' लिहिलं. तो पुढं गेला तेव्हा 'दिवस तिसरा' झाला. पोलादपूरला तालुक्याच्या कचेरीत पोचेपर्यंत येसूबाईची प्रकृती चिंताजनक झाली होती.

येसूबाईला सगळं ऐकू येत होतं. उठून सांगावं असं दहादा वाटलं. पण जन्मभर हाकेसरशी उठलेली बाई आज हट्टाला पेटली होती. तास म्हणजे तास. तिनं श्वास धरून ठेवला. मग धरायचा नसतो, नुसता बघायचा असतो, हे आठवून सोडला.

"सोडला गो श्वास!" आवडी किंचाळली.

"चालू हाय, चालू हाय," चांगू तिच्या नाकाशी बोट धरून म्हणाला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "येसू, ऊठ ना गो. टोपीचं परत नाय विचारनार."

येसूबाईच्या पोटात हसू उठलं. तिनं तेही बघितलं आणि जाऊ दिलं.

सरपंच मालोजीराव आले. पाठोपाठ ग्रामसेवक मोटारसायकलवरून आले, घामाघूम होऊन. "बाई, साहेबांचे फोन येतायत. काय हवंय ते सांगा!"

"ती काय सांगनार? ही तिकडं शिकलेली खुळं," मालोजीराव पुटपुटले.

येसूबाईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. राग आला, तिनं बघितला. राग काही जाईना. तो मात्र नित्य निघाला. ती आणखी ताठ बसली.

त्या ताठ पाठीला ग्रामसेवक बिचकले. त्यांनी तिथंच टाकीच्या खांबाला कागद टेकवून लिहून दिलं, की मंगळवारपर्यंत नवा पंप बसवून टाकीत पाणी सोडू. सही झाली. सरपंचांनीही दात-ओठ खात सही ठोकली. कागद सारिकाच्या हातात आला, तेव्हा कुठं तिनं सासूच्या खांद्याला हात लावला.

"तास झाला?" येसूबाईनं डोळे उघडले.

"दोन झाले, आई," सारिका हळूच म्हणाली. "मी मगाशीच आलेले. पन साहेब लिवत होते."

टाळ्या पडल्या. ग्रामसेवकांनी हात जोडले. "सोडा आता उपोषण."

येसूबाईनं कागदाकडं बघितलं, मग बायांकडं बघितलं. गप्प राहिलं तर पाणी येणार होतं. पण पंचशील पाठ होतं.

"मी उपोषनाला नव्हते बसले," ती म्हणाली. "ध्यानाला बसले होते."

टाळ्या थांबल्या. मग मालोजीरावांनी सारिकाच्या हातातला कागद झडप घालून घेतला. "बघा! फसवणूक! फाडा हा."

"येसू, काय केलंस गो!" आवडीनं कपाळ बडवलं.

येसूबाई उठू लागली होती. ती पुन्हा गोणपाटावर बसली, या वेळी सरपंचांकडं तोंड करून, डोळे सताड उघडे ठेवून.

"फाडा. मगाशी नव्हते बसले. आता बसते. आनि दोन तास हललेली नाय, ते तुमी सगल्यांनी बघितलंय."

आवडीनं तिच्या शेजारी फतकल मारली. मग सारिकानं. मग एकेक करून सगळ्याजणी. उरलेल्या जागेत चांगू अंग चोरून बसला. ग्रामसेवकांचा फोन पुन्हा वाजू लागला. त्यांनी मालोजीरावांच्या बोटांतून कागद सोडवला, हातानं नीट केला आणि दोन्ही हातांनी येसूबाईपुढं धरला.

"उठा आता, बाई."

"उठते," येसूबाई म्हणाली. "पन थांबा जरा. पायाला मुंग्या आल्यात."

सरपंचासकट सगळे थांबले.