मितेशचा ताप मैनाबाईच्या कपाळावर

सरकारच्या मायेला अंत नसतो, हद्द मात्र असते, आणि ती समुद्राशी येऊन संपते. म्हणून साथीच्या काळात परदेशातल्या कामगारांचं रक्षण त्यांच्या इथल्या घरी जाऊनच करायचं, असं धोरण ठरलं. अतिशय शहाणं धोरण. (विमानखर्च शून्य.) आई जर लेकाची दृष्ट त्याच्या फोटोवरून काढते, तर सरकारने लेकाचा ताप आईवरून का मोजू नये?

दिवाळे गावच्या मैनाबाईचा मितेश आखातात वेल्डर. एका खोलीत दहाजण, सगळे तापलेले, डॉक्टर नाही, दाराला बाहेरून कडी. मैनाबाईला एकच हवं होतं, लेक घरी यावा.

आरोग्य खात्याचे अभयसाहेब ताप मोजायची बंदूक घेऊन आले. तिच्या कपाळावर धरली नि खुशीत म्हणाले, "मावशी, मितेश ठणठणीत!"

"मेल्या, तो तिकडं फनफनलाय! घरी आन त्याला."

"निरोगी माणसाला कशाला आणायचं?"

बाई दुसरीत शाळा सोडलेली, पण मासळीबाजारात गिऱ्हाइकं वाकवण्यात आयुष्य गेलेलं. पुढच्या खेपेला ती भर उन्हात बोंबील वाळत घालून, तव्यासारखं कपाळ घेऊनच समोर बसली. बंदुकीला लाल दिवा लागला.

"अरेरे, मितेशला ताप!" साहेब हळहळले. (धोरणात हळहळ सक्तीची आहे.)

"मग आन ना आता!"

"तापाच्या माणसाला विमानात घेत नाहीत, मावशी."

उलट मितेशला विलगीकरणात ठेवणं भाग पडलं. म्हणजे मैनाबाईला कोंडलं, गोळ्या दिल्या, रोज अंडी चारली. बाईचं वजन वाढलं. अहवालात मितेशचं वाढलं. कौतुकाची पत्रकं निघाली.

तेवढ्यात मितेशचा फोन. "आये, दम लागतो गं."

बाई ताडकन उठली. तपासणीला आलेल्या साहेबांच्या हातची बंदूक हिसकावून त्यांच्याच कपाळाला भिडवली. "मी न्हाय आता त्याच्या जागी बसनार! तू बस! बघू तुला तरी ताप हाय का!"

हिरवा दिवा. साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे प्रतिनिधी कुणीही चालतो!"

धोरण त्याच दिवशी सुधारलं. आता आईसुद्धा लागत नाही. आपापल्या घरी, पंख्याखाली वाचत बसलेला कोणताही नागरिक कामगाराच्या वतीने चालतो. ताप नसावा, अधूनमधून हसावं, एवढीच अट.

मैनाबाई सकाळपासून फोन लावतेय, तिकडून कुणी उचलत नाही. पण काळजी नसावी. मघाशी तुम्ही हसलात, त्याची नोंद झाली आहे. मितेश ठणठणीत.