धूर मोजायचा डबा

शहापुरात मंगलाबाईंच्या घरी गॅसची शेगडी होती, पण भरतकामाच्या रुमालाखाली. पाहुण्यांच्या चहापुरता तो रुमाल निघायचा. बाकी सगळा स्वयंपाक चुलीवर. नात प्रतिक्षा चार वर्षांची, आणि धानाची कापणी झाल्यापासून पोरीचा खोकला हटत नव्हता. सून रीना म्हणायची, हा चुलीचा धूर. मंगलाबाई म्हणायच्या, ही थंडी. रीनाचा नवरा जीवन भंडाऱ्याला पितळी भांड्यांच्या दुकानात कामाला होता. तो कुणाचीच बाजू घेत नसे आणि कामावर मात्र अर्धा तास आधीच निघत असे.

"चुलीच्या धुरात म्या तीन लेकरं वाढवली. एकालेही काई झालं नाई," मंगलाबाई म्हणत.

"तुमी सोता खोकलता ना, आई."

"तो माहा खोकला हाय. चुलीचा अन् त्याचा काई संबंध नाई."

सासरे चिंधूजी बाजेवर बसून हे भांडण चवीनं ऐकत. लावालावी करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं; आयतं चाललेलं भांडण मात्र त्यांनी कधी बुडवलं नाही.

अशात एका रविवारी सकाळी भूषण नावाचा तरुण दारात आला. घरातल्या धुराचा आणि लेकरांच्या खोकल्याचा अभ्यास करायला तो गावोगाव हिंडत होता. त्याच्याजवळ हवेतला धूर मोजणारा एक पांढरा डबा होता. तो चोवीस तास टांगायचा, की कोणत्या वेळी किती धूर होता ते सगळं त्यात उतरतं. त्यानं प्रतिक्षाला स्वयंपाकघराच्या भिंतीशी उभं केलं, तिच्या नाकाच्या उंचीला खिळा ठोकला आणि डबा अडकवला. डबा बारीक घूं घूं करू लागला.

जीवनला वाटलं, चला, सोनारानंच कान टोचलेले बरे. "आता डबाच सांगन," तो म्हणाला. "धूर जास्त निघाला त चूल बाहेर सपरीत, मोकळ्या हवेत. नाई निघाला त रीनानं पुन्हा शब्द काढाचा नाई. कबूल?"

दोघींना कबूल होतं.

"फक्त एक करा. रोज जसं राहता, तसंच राहा," भूषण म्हणाला. हे त्यानं तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढ्या एकमतानं माना डोलल्या की समजावं, यातलं कुणी काही पाळणार नाही.

जेवणाच्या वेळी रीना स्वयंपाकघरात आली तर शेगडीवरचा रुमाल घडी करून बाजूला ठेवलेला, आणि मंगलाबाई गॅसवर डाळ शिजवताहेत.

"आई, गॅसवर काहून?"

"काहून म्हंजे? गॅस का शोभेले आणला?"

"पन डाळ चुलीवरचीच गोड लागते. तुमीच म्हणता ना."

"आता जिभेचे चोचले पुरे झाले. लेकराच्या तब्येतीचं पाहावं मानसानं."

रीनाही कच्ची नव्हती. तिनं मुकाट्यानं लाकडं आणली आणि वांग्याच्या भाजीसाठी चूल पेटवली. तीन महिने जी चुलीच्या मुळावर उठली होती, ती आता फुंकणीनं जीव तोडून चूल फुंकत होती. आणि जिनं चुलीसाठी घर डोक्यावर घेतलं होतं, तिनं तांब्याभर पाणी आणून त्या जाळावर ओतलं. पेटत्या लाकडावर पाणी ओतलं की काय होतं, हे चाळीस वर्षं चूल सांभाळलेल्या बाईला माहीत नसावं असं नाही. पण घाईत अक्कल मागे राहते. धुराचा असा लोट उठला की दोघी डोळे पुसत अंगणात आल्या.

"भाजी झाली का?" चिंधूजींनी विचारलं.

मंगलाबाईंनी मग ठरवलं की डब्यालाच थोडी चांगली हवा दाखवावी. दुपारी रीना कपडे धुवायला गेली तसा त्यांनी डबा काढला. अंगणात ठेवावा तर सुनेला दिसेल. घराला लागूनच गोठा होता. रीना तिकडे सहसा फिरकत नसे आणि दुपारी गोठ्याचं दार सताड उघडं. त्यांनी म्हशीच्या दाव्याजवळच्या खुंटीला डबा अडकवला. सांज व्हायच्या आत परत आणायचा, असा बेत होता. पण पाच वाजता बचत गटाच्या बायका बोलवायला आल्या, आणि गटाची बैठक कधी वेळेवर संपल्याचं ऐकिवात नाही. संध्याकाळी रीनाला खिळा रिकामा दिसला. तिनं धान्याची कोठी आणि गाद्यांची घडवंची धुंडाळली, पण सासूबाई बैठकीत, मग विचारणार कुणाला? आठला मंगलाबाई परतल्या आणि डबा गुपचूप खिळ्यावर आला.

दुसऱ्या दिवशी भूषणनं लॅपटॉप उघडला. सगळे भोवती जमले. जीवननं दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती. पडद्यावर एक रेघ चालली होती; दुपारी तिची टेकडी झाली होती.

"हा स्वयंपाकाचा धूर. हाही लेकरासाठी जास्तच आहे," भूषण म्हणाला. "पण हे बघा." साडेसहाच्या सुमारास रेघ सरळ पडद्याच्या माथ्याला जाऊन भिडली होती. "आजी, साडेसहाला घरात काय जळत होतं?"

मंगलाबाई पेचात पडल्या. गप्प बसावं तर चूल गेली, बोलावं तर अब्रू गेली. शेवटी चूल जिंकली.

"तवा डबा स्वयंपाकघरात नवताच," त्या हळूच म्हणाल्या.

"मंग कुठी होता?" जीवननं विचारलं.

"आमच्याजवळ होता, गोठ्यात," प्रतिक्षा म्हणाली. "आबाजी मच्छर पळवाले धानाचं तणस जाळते, अन् पोत्याचे पडदे लावते. मंग आमी दोघं शेकत बसतो. रोजच." आणि ती खोकली.

सगळ्यांनी चिंधूजींकडे पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा झाला होता, आणि कळसा बाजेवर बसला होता.

"जनावराले मच्छर चावते म्हणून करतो मी," ते म्हणाले. "पोरगी सोताहून येते."

"तीन महिने आमच्या दोघींचं भांडण आयकत बसले तुमी," मंगलाबाई म्हणाल्या. "माही चूल त तुमच्यापुढं साधी निघाली, बाप्पा."

सासू-सुनेचं इतकं जमलेलं शहापुरानं पाहिलं नव्हतं. नवऱ्यापुढे आपलं पाप हलकं ठरल्याच्या आनंदात मंगलाबाईंनी चूल स्वतःच सपरीत नेली. गोठ्यातला धूर बंद झाला, पडदे निघाले, आणि जनावरांसाठी घरातली मोठी मच्छरदाणी बांधली गेली. ती चिंधूजींची होती.

तीन आठवड्यांत पोरीचा खोकला उतरला. रीनाला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही. दोघी सपरीत बसून भाकरी करू लागल्या. चिंधूजी मात्र अडचणीत आले. हिवाळाभर गोठ्यात शेकताना ते नातीला आंबागडच्या किल्ल्यातल्या वाघाची गोष्ट सांगत. वाघ दरवाजाशी यायचा, तेवढ्यात प्रतिक्षाला खोकल्याची उबळ यायची, आजी तिला हाक मारून आत घ्यायची, आणि गोष्ट तिथंच थांबायची. पुढचं त्यांनी कधी रचलंच नव्हतं.

"वाघ दरवाज्यापाशी आला," खोकला उतरल्यावर एका संध्याकाळी अंगणात ते म्हणाले.

"मंग?"

चिंधूजींनी पायावरचा डास मारला आणि मोठ्या आशेनं नातीच्या तोंडाकडे पाहिलं. पोरगी काही खोकलेना.