शेठजींच्या भिंतीवरचं जहाज

ज्या मुलखाला समुद्र नाही, तिथे जहाजांविषयीचं ज्ञान सर्वांत शुद्ध राहतं. त्याला पाणी लागत नाही. या दृष्टीने खानदेश भाग्यवान आहे.

दोंडाईच्याचे चित्रकार भाईदास यांना मात्र समुद्राचं वेड. तीन वर्षं खपून त्यांनी मराठा आरमारातलं शिडाचं लढाऊ जहाज रंगवलं. एकेक दोर जागच्या जागी, शिडं वाऱ्याने तट्ट फुगलेली. आयुष्यात एक तरी जहाज खरं काढावं आणि ते चार लोकांनी ओळखावं, एवढीच त्यांची (अव्यवहारी) इच्छा. जळगावचे सराफ निर्मलकुमार शेठ यांनी ते दुकानात लावायला नेलं.

भिंतीवर चढताच दोष उघडकीस आला. जहाजाचं तोंड दरवाजाकडे होतं! वास्तुसल्लागार रुपचंदजींच्या मते अशाने लक्ष्मी बाहेर जाते. तोंड गादीकडे हवं. (सराफाकडे लक्ष्मी जहाजाने का येते, हा खुलासा सल्ल्यात समाविष्ट नव्हता.) समोरच्या भिंतीवर एसी होता, म्हणजे वळायचं जहाजानेच. सबब जहाजाचं तोंड पुसून दुसऱ्या टोकाला काढावं, शिडं झकास आलीत ती राहू द्यावीत, असं ठरलं.

"शेठ, शिडात वारा मागून भरतो. असं जहाज उलटं जाईल," भाईदास कळवळून म्हणाले.

"भाऊ, वारा गिऱ्हाइकाला दिसतो का? तोंड दिसतं."

भाईदासांनी तोंड फिरवलं. कोणीतरी ओळखेलच, या आशेने दर रविवारी येऊन ते दुकानातल्या सोफ्यावर बसू लागले. चौदा महिन्यांत चाळीस हजार लोकांनी जहाज पाहिलं. नऊशे जणांनी फोटो काढले, दोन प्राध्यापकांनी बायकांना इतिहास सांगितला. वाऱ्याबद्दल तक्रारी शून्य. (एसीच्या वाऱ्याबद्दल सतरा.)

मग एका रविवारी शिंदखेड्याकडच्या मंजुळाबाई नातीला पैंजण घ्यायला आल्या. जन्मभर खळ्यात वाऱ्यावर ज्वारी उपणलेली बाई. भिंतीकडे बघून शेजारी बसलेल्या भाईदासांना म्हणाल्या, "भाऊ, वारा ते दारकडे वाही ऱ्हायना. हाई जहाजनं तोंड मझार, नि जाई ऱ्हायनं बाहेर!"

भाईदास सोफ्यावरून उठून उभे राहिले. ओळखणारं माणूस भेटलं होतं.

शेठजींनीही ऐकलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणजे चौदा महिने लक्ष्मी पाठमोरी पळत होती! त्यांनी तातडीने कार्यवाही केली. शिडं पुसून अठराव्या शतकातल्या त्या जहाजाला धुराडं बसवण्यात आलं. ते भाईदासांनीच काढलं, आणि जाताना कोपऱ्यातली आपली सही खरवडून टाकली. ती गेल्याचं अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

हे वाचून आपण भाईदासांसाठी हळहळलात, याची नोंद घेतली आहे. हळहळण्याआधी उठून आपल्या हॉलमधल्या जहाजाचं तोंड पाहून आलात, त्याचीही घेतली आहे.