वजा एकोणीस हप्ते

हप्त्यांचा हिशोब माझ्यासारखा अख्ख्या भूम तालुक्यात कुणाला जमत नाही, असं मी अठ्ठ्याऐंशी साली छातीठोकपणे सांगत फिरायचो. आमच्या दूध संघात कॉम्प्युटर आला होता आणि सोलापूरला जाऊन तो शिकून आलेला कारकून मी एकटाच होतो! कर्ज, व्याज आणि हप्ता टाकला, की किती हप्त्यांत फिटेल ते मशीनच सांगायचं.

पहिल्याच आल्या ईट गावच्या पुतळाबाई. दुष्काळात वैरणीअभावी त्यांनी म्हैस विकली होती. आता संघाच्या कर्जावर दुसरी घ्यायची होती आणि हप्ता दरमहा दुधाच्या पैशातून कापायचा होता. नवी म्हैस बाहेर बांधलेलीच होती.

चेअरमन आण्णासाहेब कुरकुरले, "ह्ये डबडं चुकलं तर?"

"चुकीचा भुर्दंड माझ्या पगारातून कापा," मी म्हणालो.

बटण दाबलं. कागदावर छापून आलं, वजा एकोणीस.

आमच्या दूधचिठ्ठीवर पेंडीचे पैसे वजा दाखवले, की ते कापून घेतलेले असतात. हे तालुक्यातलं शेंबडं पोरही जाणतं.

"एकोणीस हप्ते कापलं व्हय? मग म्हस सोडा की," पुतळाबाई म्हणाल्या.

"मावशी, अजून काहीच कापलं नाही."

"वजा लिवलंय न्हवं? पेंडीचं कापताना तुमी आमचं ऐकता व्हय?"

आण्णासाहेबांना हे पटलं. संघाचे पैसे बुडत नव्हतेच, माझी जीभ जामीन होती. बाई कागद पदराला बांधून म्हैस घेऊन गेल्या.

"मशीन चुकत नसतं," मी हट्टानं म्हणालो आणि ते सिद्ध करायला बसलो. जेवणाचा डबा उघडला नाही, चहा गार झाला. संध्याकाळी चूक सापडली. कर्ज आपल्याकडे येतं, हप्ता आपल्याकडून जातो, म्हणून दोहोंपैकी एकाला वजाची खूण लावावी लागते. ती मीच विसरलो होतो. खूण लावली आणि खरं उत्तर आलं, तेवीस!

मी धावतच गेलो. "आण्णासाहेब, मशीन बरोबर आहे. चूक माझी होती. हप्ते तेवीस!"

"बरं झालं सांगितलंत," आण्णासाहेब पेन काढत म्हणाले. "म्या तुमच्या पगारातनं एकोणीसच कापणार हुतो."

पुतळाबाईंनी पाठवलेला खरवस फार चांगला होता. पण गप्प बसलो असतो तर चार हप्ते वाचले असते, हे बायकोनं मला पुढचे तेवीस महिने ऐकवलं.