हाऊसफुल्लची पाटी

"सांगून कुणाला पटणार नाही, पण ही यादी साफ खोटी आहे," आजोबा टीव्हीकडे बोट दाखवत म्हणाले. टीव्हीवर आजवरच्या सर्वांत लोकप्रिय शंभर गाण्यांची उलटी मोजणी चालली होती. "पहिला नंबर आमच्या थिएटरच्या सिनेमातल्या गाण्याचा. सलग सोळा आठवडे!"

"झालं सुरू," सून शेंगा सोलता सोलता पुटपुटली. नात मात्र लगेच सरसावून बसली.

आजोबा तेव्हा एका थिएटरात ऑपरेटर होते. लग्न ठरलेलं. सासऱ्यांनी बजावलं होतं, "नोकरी असेल तर मुलगी, नाहीतर रामराम." आणि थिएटर तर आचके देत होतं. मालकाने मॅनेजरला दम भरला होता, "या महिन्यात एकदा तरी हाऊसफुल्लची पाटी दिसली पाहिजे. नाहीतर खुर्च्या काढून इथे गोदाम करतो."

पाटी सात वर्षं जिन्याखाली पडून होती. मॅनेजरने ती हौसेने रंगवली आणि वाळायला दारावर उन्हात टांगली. नेमकी तेव्हाच मालकाची गाडी समोरून गेली. मालकाने काच खाली केली, "शाब्बास!" म्हटलं आणि गाडी पुढे गेली.

"मालक रोज तीनला इथूनच जातो," मॅनेजर घाम पुसत म्हणाला. "आता ही खाली कशी काढू?"

"मग असू द्या की टांगलेली," आजोबा म्हणाले. "तेवढी तिकिटं तर विका!"

तिकीटवाला खिडकीची फळी लावून निवांत बसला होता. "पाटी लागली की खिडकी बंद. वीस वर्षांचा नियम आहे, मी नाही मोडणार."

झालं! आत काळं कुत्रं नाही आणि पाटी बघून बाहेर ही रांग! आवाज रस्त्यावर जायला हवा, म्हणून आजोबा आपले रिकाम्या खुर्च्यांना तीन-तीन खेळ दाखवत बसले.

"मग लोक चिडले नाहीत?" नातीने विचारलं.

"चिडतील कशाला? तिकीट मिळालं नाही हे कबूल करायची लाज! जो तो सांगायचा, मी पाहिला. दुसऱ्याने एकदा म्हटलं की हा दोनदा म्हणायचा. आमचे सासरे तर म्हणाले, जावईबापू, शेवटाला डोळ्यांत पाणी आलं हो! सिनेमा होता दरोडेखोरांचा."

आतून आजींचा खोकला ऐकू आला. आजोबांनी आवाज थोडा खाली आणला.

"पुढे तर कहरच. सिनेमा पाहिला म्हटल्यावर त्यातलं गाणं आवडायलाच हवं. रेडिओवर पत्रांच्या गोण्या आल्या, त्या सिनेमातलं ते गाणं लावा. आता सिनेमात गाणं एकही नव्हतं. नुसता गोळीबार! पण निवेदकबाई तरी कसं म्हणणार की आम्हाला माहीत नाही? त्या दर आठवड्याला सांगायच्या, पहिल्या क्रमांकावर तेच लाडकं गाणं, पण वेळेअभावी आज ऐकवता येत नाही. असे सोळा आठवडे!"

"आणि मालक?" सुनेने शेंगांवरून मान वर केली. "त्यांनी गल्ला नाही बघितला?"

"तो कसला बघतोय! त्याने बायकोला सांगून ठेवलं होतं की सिनेमा पाच वेळा पाहिला. आता आत येऊन विचारणार काय?" आजोबा खुशीत मागे रेलले. "थिएटर वाचलं, नोकरी वाचली, तुझी आजी घरात आली. लग्नात बँडवाल्यांनी तेच गाणं इतक्यांदा वाजवलं की कान किटले. काय चाल होती! अजून आठवते बघ..."

त्यांनी डोळे मिटले, गुडघ्यावर ठेका धरला आणि गुणगुणायला लागले. एक ओळ झाली, दुसरी झाली.

"आजोबा," नात म्हणाली, "सिनेमात गाणं नव्हतं ना?"