मागच्या वाफ्यातलं मूळ

दंतवैद्यांची बायको बहिणीकडे राहायला निघाली, तेव्हा जाताना बागेची कामं सांगून गेली. थंडी सरली होती, झाडांना कोंब फुटायला लागले होते आणि दरवर्षीप्रमाणे सगळी कामं एकदम अंगावर आली होती. गुलाबाच्या वाळक्या फांद्या छाटायच्या, कुंड्यांतली माती बदलायची, मागच्या भिंतीलगतच्या वाफ्यात घेवडा लावायचा. वाफा मात्र खुरप्यानं वरवरच मोकळा करायचा, हे तिनं पुन्हा पुन्हा बजावलं. तिथं पूर्वी एक झाड होतं. ते तोडलं तरी त्याची मुळं जिवंत होती आणि दर वसंतात वाफ्यात कुठून ना कुठून धुमारे वर येत.

"त्या मुळांच्या नादाला लागू नका," गाडीत बसता बसता ती म्हणाली. "मी आले की माळ्याला बोलावते."

डॉक्टरांना हे फार लागलं. ज्या माणसानं उभं आयुष्य लोकांची मुळं उपटण्यात घालवलं, त्यालाच घरात मुळांच्या नादाला लागू नका म्हणायचं, आणि वर माळी बोलवायची भाषा करायची. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते फाटकात उभे राहून स्वतःशी पुटपुटत राहिले. ती वळली, तसे ते तडक शेजाऱ्याकडे गेले आणि पहार घेऊन आले.

डॉक्टर मनानं वाईट नव्हते. फक्त त्यांना राग येई, आणि आलेला राग बोलून दाखवायची हक्काची जागा त्यांच्या घराच्याच पुढच्या खोलीत होती. खुर्चीत पेशंट आडवा झाला, त्याच्या तोंडात कापूस गेला, की डॉक्टर रस्त्यांवर बोलत, शाळांवर बोलत, हल्लीच्या छत्र्यांवर बोलत. समोरून कधी विरोध आला नाही. आला तरी तो 'आँ आँ' असा यायचा आणि डॉक्टर त्याला दुजोरा समजायचे. त्यामुळे आपलं सहसा चुकत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

दुपारी त्यांनी वाफा खणायला घेतला. धुमारे निघाले, बारीक मुळं निघाली, आणि हातभर खाली एक जाडजूड, तांबूस-काळं, खवले सुटलेलं मूळ लागलं. ते आडवं पसरलं होतं आणि हलायला तयार नव्हतं. डॉक्टरांना चेव आला. असल्या हट्टी मुळाला नुसतं ओढून भागत नाही, आधी खिळखिळं करावं लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी पहारीचं टोक मुळाखाली घातलं, दगडाचा टेकू दिला आणि अंगाचा सगळा भार टाकला. आतून 'कट्' असा समाधानकारक आवाज आला. मूळ बाहेर निघालं नाही, पण मोडलं खास. आता आपोआप कुजेल, असं म्हणून त्यांनी माती लोटली, खत मिसळलं, घेवड्याचं बी टोचलं आणि वर पाचोळा अंथरला.

गल्लीत पाणी फक्त सकाळी यायचं. त्यामुळे त्या दुपारी वाफा कोरडाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला करंगळीएवढी धार आली आणि थोड्या वेळानं तीही गेली. तिसऱ्या दिवशी नळ नुसते खाकरले. समोर शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या मावशी घागर कमरेवर घेऊन विचारायला आल्या, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना ओट्यावर बसवून पाणीखात्याचा कारभार मुळापासून समजावून सांगितला. यांना फुकटचं बसायला हवं. एकालाही आपल्या खुर्चीतून उठून पाइप बघावासा वाटत नाही. अशा लोकांचे कान धरले पाहिजेत.

एक गोष्ट मात्र त्यांना सुखावत होती. सगळ्या गल्लीच्या बागा सुकत चालल्या असताना त्यांचा मागचा वाफा ओलागच्च होता. घेवडा असा तरारून वर आला होता की बघत राहावं. भिंतीच्या पायाशी थोडा चिखलही झाला होता आणि पलीकडच्या गटारात रोज सकाळी काहीतरी खळखळत होतं, पण तिकडे डॉक्टरांचं लक्ष नव्हतं. पाचोळ्याचं आच्छादन नीट घातलं की ओल कशी टिकते, हे त्यांनी फोनवर बायकोला ऐकवलं. तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही खोल नाही ना खणलंत?" डॉक्टरांना त्या प्रश्नाचाही राग आला.

शेवटी त्यांच्या घरावरची टाकीही रिकामी झाली, तेव्हा त्यांनी गल्ली गोळा केली. सगळे मिळून पाणीखात्याच्या कचेरीवर गेले. डॉक्टर पुढे, घागरी मागे. तिथं कळलं की साहेब जागेवर नाहीत. त्यांची दाढ दुखत असल्यामुळे ते नुकतेच बाहेर पडले आहेत. डॉक्टर भडकलेच. ऐन टंचाईत यांच्या दाढा दुखतात, असं त्यांनी कारकुनाला सुनावलं. लोकांनी माना डोलावल्या आणि सगळे परत फिरले.

घरी आले तर दवाखान्याच्या बाकावर एक सुजलेला गाल हातात धरून एक गृहस्थ बसले होते. दाढ पार पोखरलेली होती. काढण्यावाचून इलाज नव्हता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गाल बधिर झाला, तोंडात कापूस गेला आणि सकाळपासून तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. पाणीखात्याचा साहेब कसा निगरगट्ट आहे, त्याला गल्लीची तहान दिसत नाही, समोर आला तर मी त्याला काय सांगेन, हे सगळं ते दाढ हलवता हलवता बोलत होते. मुद्द्याच्या ठिकाणी हात जरा जास्त दाबला जात होता. गृहस्थ डोळे विस्फारून 'आँ आँ' करत होते. तुमचाही तोच अनुभव दिसतो, असं डॉक्टर म्हणाले.

दाढ निघाली. "चूळ भरा," डॉक्टर म्हणाले, आणि नळ सोडला. नळ खाकरला. मग मात्र त्यांचा तोल सुटला. बघा, पेशंटच्या तोंडात रक्त आणि नळाला टिपूस नाही. मागच्या पिंपात घोटभर पाणी होतं, म्हणून ते गृहस्थांना दंडाला धरून मागच्या अंगणात घेऊन गेले.

गृहस्थांनी चूळ भरली, थुंकले आणि तसेच वाकलेले राहिले. त्यांची नजर वाफ्यावर खिळली होती.

"हे ओअं कथं?" ते म्हणाले.

ओलं कसं, असं ते विचारत होते. डॉक्टरांना बरं वाटलं. त्यांनी पाचोळ्याचं सगळं शास्त्र सांगितलं. गृहस्थांनी ते ऐकून घेतलं नाही. गालाला रुमाल लावून ते खाली बसले, एका हातानं घेवडा बाजूला केला आणि बोटांनीच चिखल उपसला. मग त्यांनी खिशातून आपलं ओळखपत्र काढून डॉक्टरांपुढे धरलं आणि दुसऱ्या हातानं खड्ड्याकडे बोट दाखवलं. ओळखपत्रावर पाणीखात्याचा शिक्का होता. खड्ड्यात गंजलेला लोखंडी पाइप होता आणि त्याला पहारीच्या टोकाएवढी भेग होती. घरं बांधली जाण्याआधीची ती जुनी लाइन कुठून जाते, हे खात्यातही कुणाला नक्की माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी वाकून भेगेत बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, "पाइपानं पाइपासारखं दिसू नये का?"

एवढ्यात मावशी आणि चारदोन शेजारी, डॉक्टर आता पुढे काय करणार ते विचारायला, घराला वळसा घालून अंगणात आले. हातातल्या ओळखपत्रावरून साहेबांना त्यांनी ओळखलं. साहेबांनी डॉक्टरांकडे बोट केलं आणि जीव तोडून सांगायचा प्रयत्न केला, "आंनीथ ओडला." यांनीच फोडला, असं ते म्हणत होते, पण डॉक्टर सोडून कुणालाच काही उमगलं नाही.

"काय म्हणतायत साहेब?" मावशींनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "पाइप फुटलाय म्हणतात," ते म्हणाले. "जुना होता."

यात खोटं काही नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत गल्लीत वेगळीच गोष्ट पसरली. कचेरीत न सापडलेल्या साहेबाला डॉक्टरांनी शोधून काढलं, दंडाला धरून जागेवर आणलं, हातानं चिखल उपसायला लावला आणि त्याचं तोंड तर असं बंद केलं की बिचाऱ्याला बोलता येईना. सुजलेला गाल सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

खात्यानं जुनी लाइन बाद करून रस्त्याकडेनं नवा पाइप टाकला. पाणी असं जोरात आलं की वरच्या मजल्यावरही बादली बघता बघता भरायला लागली. लोक येता-जाता डॉक्टरांना नमस्कार करू लागले. मावशींनी त्यांच्या दवाखान्याचे पडदे शिवून दिले आणि शिलाई घेतली नाही. डॉक्टरांना रात्री झोप लागेना.

बायको परत आली. बॅग खाली ठेवायच्या आधी ती मागच्या अंगणात गेली, उकरलेला वाफा पाहिला, भिंतीला टेकवलेली पहार पाहिली आणि आत येऊन म्हणाली, "लोकांना सांगून टाका."

"सांगणारच होतो," डॉक्टर म्हणाले.

"मग जा."

मावशींच्या दुकानासमोर संध्याकाळी माणसं जमायचीच. डॉक्टर तिथं गेले आणि एका दमात सांगून मोकळे झाले. मूळ समजून पाइप मीच मोडला, साहेबांचा यात काही दोष नाही, उलट त्यांनी भेग शोधली. बोलणं संपलं तेव्हा कुणी चिडलं नाही. सगळे हळहळल्यासारखे त्यांच्याकडे बघत होते.

"डॉक्टर, कुणी दम दिला तुम्हाला?" मावशींनी हळूच विचारलं.

डॉक्टरांनी शपथा घेतल्या. पहार आणून दाखवली. पहार ज्याची होती तो शेजारीच म्हणाला, की तुम्ही नेलीत खरी, पण हिला गंज आहे, ही तर वर्षानुवर्षं वापरलेलीच नाही. जेवढं डॉक्टर पटवायला गेले, तेवढी लोकांची खात्री पटत गेली. एवढा मोठा माणूस स्वतःवर आळ घेतोय म्हणजे खात्यानं त्याला केवढं छळलं असेल. आपली चूक कबूल करायचीही सोय या गल्लीत उरली नाही, म्हणून डॉक्टर संतापले, आणि त्यांचा तो लालबुंद चेहरा बघून मावशींचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली पुन्हा कचेरीवर गेली. आमच्या डॉक्टरांवर खोटा आळ घालणाऱ्या साहेबांनी माफी मागावी, एवढीच मागणी होती. डॉक्टर नको नको म्हणत होते, पण त्यांना दोन्ही दंडांना धरून सगळ्यांच्या पुढे ठेवलं होतं.

या वेळी साहेब जागेवर होते. गालाची सूज उतरली होती आणि बोलणंही स्वच्छ झालं होतं. त्यांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं, मग टेबलावर कोपरं टेकली आणि डॉक्टरांकडे पाहिलं.

"बोला डॉक्टर," ते म्हणाले. "पाइप कुणी फोडला?"

मागून मावशींनी डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टरांनी बोलायला तोंड उघडलं, आणि बराच वेळ ते तसंच उघडं राहिलं. साहेब खुर्चीतून जरासे पुढे झुकले आणि आत डोकावून बघू लागले.